विहिणीचा कोट

अल कुसैस, दुबई
६ ऑक्टोबर २०२४

ती. मनोरमाआत्यास,
संजनाचा साष्टांग नमस्कार.

फोनवर मी बोलते ते तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडले की तुझ्या कानातलं मशीन शिट्टी मारतं. म्हणून आजपासून ई-मेल. "लिहून पाठव, ओरडू नकोस," असं तूच म्हणाली होतीस.

लग्नाची तारीख तुला बाबांनी सांगितलीच असेल. १६ फेब्रुवारी, नाशिकलाच. निखिलला सुट्टी मिळाली आहे. तो इथे डिस्कव्हरी गार्डन्समध्ये भाड्याचा फ्लॅट बघतोय आणि रोज मला स्वयंपाकघरांचे फोटो पाठवतोय. सगळी स्वयंपाकघरं मला सारखीच दिसतात, पण हे त्याला सांगू नकोस.

दुसरी बातमी, मी नोकरी बदलली. चष्म्यांच्या दुकानातून आता फरच्या कोटांच्या दुकानात. हसू नकोस. इथल्या देरा नावाच्या जुन्या बाजारपेठेत अशा दुकानांची अख्खी रांग आहे आणि पाट्या रशियन भाषेत आहेत. बाहेर अडतीस डिग्री, आत एसी सोळावर, कारण कोट घालून बघताना गिऱ्हाइकाला घाम आला तर तो घेणार कोण? मी दुबईत स्वेटर घालून काम करते. गिऱ्हाइकं सगळी रशिया, कझाकस्तान, उझबेकिस्तानची. सोव्हिएत युनियन फुटल्यावर विमानं भरभरून माणसं इथे खरेदीला यायला लागली, तेव्हा आमच्या मालकाच्या, झैदभाईच्या वडिलांनी हे दुकान टाकलं. झैदभाई परवा म्हणाला, "संजना, सीज़न शुरू हो रहा है, थोडा रशियन सीख लो, यल्ला." यल्ला म्हणजे 'चल, आटप'. मी छाती पुढे काढून म्हटलं, माझी आत्या ओझरच्या विमान कारखान्यात रशियन इंजिनिअरांची दुभाषी होती. तेव्हा चार कामाची वाक्यं पाठव.

आणि आता खरं विचारायचं ते. तू माझ्या लग्नाला येणार ना? सातवीपासून कॉलेज संपेपर्यंत मी तुझ्याकडे जेवले, तुझ्याच टेबलावर अभ्यास केला. तू नसलीस तर मला ते लग्न आपलं वाटणार नाही. मानपान वगैरे काही नाही, सगळं साधंच आहे.

तुझी,
संजू

*

नाशिक
१० ऑक्टोबर २०२४

चि. संजूस,
अनेक आशीर्वाद.

फरचे कोट वाळवंटात विकतेस हे वाचून दिवस चांगला गेला. शेजारच्या बाईंनाही सांगितलं, त्यांना खरं वाटलं नाही.

वाक्यं खाली देते. गिऱ्हाईक आत आलं की 'झ्द्रास्त्वुइत्ये', म्हणजे नमस्कार. काही पुढे करताना 'पझालुस्ता', म्हणजे कृपया, घ्या. आणि हाक मारताना 'तवारिश'. म्हणजे साथी, कॉम्रेड. बाई असो की पुरुष, मंत्री असो की झाडूवाला, सगळ्यांना हा एकच शब्द. आपल्याकडे बघ, अण्णासाहेब, रावसाहेब, बाईसाहेब, आणि ज्याला काहीच नाही तो 'ए'.

ती माणसं वेगळीच होती गं. कारखान्याच्या वसाहतीत त्यांची कुटुंबं राहायची. एकेका बाईकडे दोन नाहीतर तीन फ्रॉक, पण घरात पुस्तकांच्या रांगा. मिरवणं म्हणजे काय हे मला त्यांना समजावून सांगावं लागलं होतं. तेव्हा तुझ्या गिऱ्हाइकांना उगाच चमकदार काहीतरी गळ्यात मारू नकोस. त्यांच्याकडे थंडी असते, म्हणून ते कोट घेतात.

लग्नाचं विचारलंस. माझा नियम तुला माहीत आहे. मानपान नसेल तर पहिल्या रांगेत बसेन. असेल तर येणार नाही. तुझ्या बाबांच्या लग्नात मी मांडवाबाहेर खुर्ची टाकून बसले होते आणि जेवायला घरी आले होते. आता गुडघे दुखतात, त्यामुळे बाहेर बसायलाही येणार नाही. 'साधंच' हा शब्द तुझ्या आईच्या, कुंदाच्या तोंडी मी पूर्वीही ऐकलेला आहे, म्हणून विचारते. नक्की साधंच ना?

तुझी आत्या

*

अल कुसैस
२ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न.

तुझ्या 'तवारिश'ने माझी नोकरी जवळजवळ घालवली होती!

गेल्या आठवड्यात एक बाई आल्या. पन्नाशीच्या, गोल चेहऱ्याच्या, गळ्यात जाड साखळी, हातात चार दुकानांच्या पिशव्या. मी झोकात दार उघडलं आणि म्हटलं, "झ्द्रास्त्वुइत्ये, तवारिश!" त्या जागच्या जागी थांबल्या. मग सोफ्यावर बसल्या आणि हसायला लागल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. झैदभाई काउंटरमागून धावत आला. "क्या बोला तूने इनको?" मला वाटलं, खलास.

त्या बाईंनी त्याला हातानेच गप्प केलं. थोडं इंग्रजी, थोडं फोनवरचं भाषांतर, असं आमचं बोलणं झालं. शाळेत लाल रुमाल गळ्यात बांधायच्या त्या दिवसांपासून त्यांना कुणी असं म्हटलं नव्हतं. हा शब्द तिकडे आता कुणी वापरतच नाही, आत्या! आता सगळे मॅडम आहेत. "पोरी, हा शब्द आणलास तरी कुठून?" मी म्हटलं, नाशिकहून.

त्यांचं नाव गुलनारा, गाव अल्माटी, कझाकस्तान. तीन बेकऱ्या आहेत. कोट कसा बघतात ते त्यांच्याकडून शिकावं. फरवर फुंकर मारून मुळं बघितली, बाही कानाजवळ धरून चुरगळली, कारण कातडं वाळलेलं असेल तर करकर वाजतं. त्यांच्या आईकडे आयुष्यभर एकच कोट होता, तो दोनदा उसवून, उलटा करून परत शिवला. बुटांसाठी ती बर्फात रांगेत उभी राहायची, आणि नंबर येईपर्यंत जे माप उरलं असेल ते घ्यायची. गुलनाराबाई म्हणाल्या, "आता मी दुकानात शिरले की काहीतरी घेतल्याशिवाय बाहेर पडताच येत नाही. उद्या नसेल, असं अजून वाटतं." हे ऐकल्यापासून मला त्यांच्या पिशव्यांवर हसू येत नाही.

आणि सर्वात मोठी गंमत. त्यांनी पायघोळ काळा मिंकचा कोट घेतला, सात हजार दिरहॅम, म्हणजे आपले एक लाख साठ हजार! तो स्वतःसाठी नव्हताच. मुलीचं लग्न आहे डिसेंबरमध्ये, तो विहीणबाईंना द्यायचाय. त्यांच्याकडे विहिणीला 'कुदागी' म्हणतात आणि दोन्ही कुदागींनी एकमेकींना भारी कपडा द्यायचा अशी जुनी रीत आहे. पूर्वी झगा चालायचा, आता फर लागतं. म्हणजे तुझ्या वसाहतीतले लोक काही म्हणोत, मानपान तिकडेही आहे बरं का!

जाता जाता एक. चव्वेचाळीस मापाची बाई म्हणजे साधारण माझ्या आईएवढी की जरा जाड?

तुझी,
संजू

*

नाशिक
६ नोव्हेंबर २०२४

चि. संजूस,
आशीर्वाद.

'तवारिश' गेला हे वाचून वाईट वाटलं. मला कुणी कळवलं नव्हतं.

बुटांच्या रांगेचं वाचून मात्र जुनं काही आठवलं. ओझरला लूदमिला नावाची माझी मैत्रीण होती, इंजिनिअरची बायको. परत जाताना ती तीन पेट्या भरून सामान घेऊन गेली होती. छत्र्या, चपला, चहा, पडद्याचं कापड, केसांच्या पिना डझनांनी. मी तेव्हा समजले की भेटवस्तू असतील. पुस्तकांच्या रांगा मी बघितल्या, पेट्या बघूनही बघितल्या नाहीत. तुझी गुलनारा म्हणते तेच खरं असणार. ज्यांना मिळत नव्हतं त्यांना नको होतं, असा अर्थ मी काढत होते.

हे झालं त्यांचं. आता तुझं. दुकानात मापं तुला मला विचारावी लागत नाहीत. चव्वेचाळीस मापाची बाई कोण?

आत्या

*

अल कुसैस
९ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न.

तुझ्यापासून काही लपत नाही. चव्वेचाळीस मापाची बाई म्हणजे निखिलची आई. अकोल्याच्या रंजिताताई धांडे.

झालं असं. मी नव्या नोकरीत कोट घालून एक फोटो काढला आणि आईला पाठवला. आईने तो त्यांना पाठवला. त्या म्हणाल्या, छान दिसतेय. लगेच आई म्हणाली, "तुम्हालाही आणायला सांगते, मानाचा म्हणून." आणि आता नाशिकमधल्या सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे की विहिणीला दुबईहून फरचा कोट येणार आहे. अकोल्यात, आत्या! निखिल म्हणतो, "आमच्या घरात स्वेटरसुद्धा ट्रंकेत झोपलेला असतो." पण तोही आपल्या आईला काही बोलत नाही. मला स्टाफ डिस्काउंटमध्ये मिळेल, पण प्रश्न तो नाही. तुला 'साधंच' लिहिलं तेव्हा मला हे माहीत होतं. तू येणार नाहीस या भीतीने लिहिलं नाही.

इकडे दुकानात आणखी एक भानगड झाली आहे. काल दुसऱ्या एक बाई आल्या. सौले नाव, दातांच्या डॉक्टर, त्याही अल्माटीच्या. त्यांनी विहिणीसाठी कोट घेतला. आखूड, मधाच्या रंगाचा, टोपी असलेला. माप दाखवायला फोनवर विहिणीचा फोटो उघडला, आणि बघते तर काय, गुलनाराबाई! दोघी एकाच हॉटेलात उतरल्या आहेत आणि एकमेकींपासून लपवून एकमेकींना कोट घेत आहेत. सौलेबाईंचा कोट तीन हजारांनी स्वस्त आहे. लग्नात दोन्ही कोट सगळ्यांसमोर उघडतील तेव्हा त्यांचं काय होईल?

मी झैदभाईला सांगितलं. त्याचे डोळे चमकले. "हबीबी, ये तो लॉटरी है! दोनों को एक-दूसरे का रेट बता दो, फिर देखो." म्हणजे एकीला सांगायचं, विहिणीने घेतलेला महाग आहे, आणि ती आणखी महाग घेईल. मग दुसरीला सांगायचं. मला कमिशन मिळेल, लग्नाआधी चांगलंच मिळेल. पण रात्रभर मला त्या उलट्या करून शिवलेल्या कोटाचीच आठवण येत होती.

मी काय करू? दोन्हीकडे काय करू? आणि ये ना गं लग्नाला.

तुझी,
संजू

*

नाशिक
१२ नोव्हेंबर २०२४

चि. संजूस,

कोट येणार असेल तर मी येणार नाही. हे रागाने लिहीत नाही, आधी एक दिवस जाऊ दिला आहे.

माझं लग्न का मोडलं ते तुला तुझी आई अर्धवट सांगते. पूर्ण ऐक. मुलगा मला आवडला होता. त्याच्या घरच्यांनी पाच मनगटी घड्याळं मागितली, पाच काकांना. माझे वडील 'हो' म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कारखान्यात दोन पाळ्या करायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी ते जेवताना ताटावरच झोपले. मी त्या घरी जाऊन सांगून आले की वेळ बघायला भिंतीवरचं एक घड्याळ पुरतं. ते लग्न तिथेच संपलं. मुलगा काही बोलला नाही. तो बोलला असता तर आज मी कदाचित दुसरीच बाई असते.

म्हणून निखिल आईला काही बोलत नाही हे मला आवडलं नाही.

तुझ्या कुदागींचं तुझं तू ठरव. मालकाचं ऐकलंस तर मला सांगू नकोस.

आत्या

*

अल कुसैस
२५ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न.

तुझं पत्र मी निखिलला वाचून दाखवलं. त्याने माझ्यासमोरच अकोल्याला फोन लावला. त्याची आई म्हणाली, "कुंदाताईंनी एवढ्या प्रेमाने कबूल केलंय, मी कसं नाही म्हणू?" म्हणजे बोलला, पण हरला. त्याला अर्धे मार्क दे.

माझं ऐक. विकलेल्या कोटाच्या अस्तरावर आम्ही नाव भरून देतो, आतल्या बाजूला, रेशमाने. ते बघायला गिऱ्हाइकाला परत बोलवतो. मी दोघींना बोलावलं. गुरुवारी, संध्याकाळी पाचला. दोघींनाही पाचलाच.

झैदभाईला सांगितलं नव्हतं. दोघी दारातच समोरासमोर आल्या तेव्हा त्याने माझ्याकडे असं बघितलं की बस. "डील कैंसल हुई ना संजना, तो तू भी खलास." दोन्ही कोट काउंटरवर उघडे होते, एकावर सौलेचं नाव, दुसऱ्यावर गुलनाराचं. दोघींनी आपापलं नाव वाचलं. मग गुलनाराबाई किंचाळल्या, सौलेबाई किंचाळल्या, आणि दोघी मिठी मारून हसत सुटल्या. बाहेरचा पाणीवाला डोकावून गेला.

मग त्यांनी आपापल्या नावाचे कोट अंगात घातले. आत्या, दोघींचेही चेहरे बघण्यासारखे झाले. गुलनाराबाई पहाटे अंधारात चालत बेकरीत जातात, त्यांना तो आखूड कोट घालून गुडघे झाकावे कसे ते कळेना. सौलेबाई दिवसभर गाडी चालवतात, त्यांचा पायघोळ कोट पायात अडकायला लागला. दोघी "वा, सुंदर, सुंदर" म्हणत होत्या आणि दोघी आरशात रडकुंडीला आल्या होत्या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. प्रत्येकीने दुसरीसाठी तोच कोट घेतला होता जो तिला स्वतःला हवा होता!

मी माझ्या मोडक्या रशियनमध्ये म्हटलं, "पझालुस्ता, बदलून बघा." त्यांनी बदलले. काळा पायघोळ गुलनाराबाईंना, मधाचा आखूड सौलेबाईंना. दोघी आरशासमोरून हलेनात. शेवटी असं ठरलं की जिने जो विकत घेतला तो तिने स्वतःच ठेवायचा, आणि लग्नात सांगायचं, विहिणीने दिला. अस्तरावरची नावं उसवून नवी भरली, 'सौलेकडून गुलनारास', 'गुलनाराकडून सौलेस'. किंमत कुणी विचारलीही नाही. झैदभाईने स्वतः चहा मागवला. परवापासून त्यांच्या हॉटेलातल्या आणखी बायका येऊन माझं नाव विचारत आहेत, त्यामुळे माझी नोकरी पक्की.

हा आनंद घेऊन मी आईला फोन केला आणि म्हटलं, मी कोट आणत नाही. आई म्हणाली, "शब्द दिलाय मी. तुझ्या आत्याचं ऐकून माझं नाक कापू नकोस." आणि फोन ठेवला. तेव्हापासून बाबाच फोन उचलतात. अल्माटीच्या विहिणी मला जमल्या, घरच्या जमत नाहीत.

तुझी,
संजू

*

नाशिक
८ डिसेंबर २०२४

चि. संजूस,
अनेक आशीर्वाद.

मी अकोल्याला जाऊन आले.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि पिशवी भरली. तुझ्या बाबांना, विलासला सांगितलं, मैत्रिणीकडे जाते. पत्ता निखिलने दिला, तेव्हा त्याला उरलेले अर्धे मार्क दिले.

रंजिताताईंनी दार उघडलं आणि आतून गार वारा आला. हॉलमध्ये नवा कोरा एसी, भिंतीचं प्लॅस्टर अजून ओलं, आणि बाई अंगावर गोधडी घेऊन सोफ्यावर बसलेल्या. मला वाटलं ताप आहे. म्हटलं, बरं नाही का?

"बरी आहे जी. सवय करून राहिली."

"कशाची?"

"कोटाची."

संजू, मी हसले नाही. फार कष्ट पडले, पण हसले नाही. तो एसी त्यांनी कोट घालून बसता यावं म्हणून घेतला होता! कुंदाने एवढा कोट दिला आणि तो ट्रंकेत पडला तर तिला वाईट वाटेल, म्हणून संध्याकाळी माणसं आली की हॉल गार करून, कोट घालून बसायचं, असा बेत होता.

मी सरळ विचारलं, "तुम्ही मागितला होता का?"

"अवं, मी कशाले मागू? फोटो पाहून छान दिसते नं पोरगी, एवढंच म्हटलं. त्या म्हणाल्या आणते. आता नाही म्हटलं तर त्यांना वाटंल, आम्हाले पसंत नाही." आणि मग त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या भारी आहेराला परत काय द्यायचं या काळजीने तिला झोप नव्हती. कुंदासाठी चांदीची ताटं करायची ठरवली होती आणि त्याच संध्याकाळी सोनाराकडे जाणार होती.

मला वाटत होतं की मुलाकडचे मागतात आणि मुलीकडचे देतात. माझ्या वेळी तसंच होतं. इथे मागणारं कुणीच नव्हतं, आणि दोन बायका एकमेकींना घाबरून देत सुटल्या होत्या.

मी त्यांना तुझ्या कुदागींची गोष्ट सांगितली. त्या इतक्या हसल्या की गोधडी खाली पडली. मग विचारलं, "तुम्हाला मनापासून काय हवं ते सांगा." त्यांनी एसीकडे बघितलं. म्हणाल्या, "आता खरं सांगू का? हा एसी बसला नं, दुपारी अशी झोप लागते!" झालं तर मग. तो एसी कुंदाने दिला, असं सगळ्यांना सांगायचं ठरलं. सोनाराचं जाणं रद्द.

तिथून नाशिकला आले ती थेट कुंदाकडे. आधी ती तोंड फिरवून भाजी निवडत बसली. मी सगळं सांगितलं. एसीचं ऐकल्यावर तिच्या हातातली मेथी तशीच राहिली. म्हणाली, "वन्सं, म्हणजे त्यांना कोट नकोच होता?" मग मी तिलाही विचारलं, तुला काय हवं? "मला मेलीला काय हवं असणार," म्हणाली. मी उठले नाही. शेवटी, जुडी संपल्यावर, मान खाली घालून म्हणाली, "वन्सं, फोटोतला तो कोट इतका मऊ दिसत होता. विहिणीला द्यायच्या निमित्ताने माझा हात तरी लागला असता."

तीस वर्षं मी तिला मिरवणारी बाई समजत होते. मला तिच्याबद्दल माया वाटली, आणि ती मी तिथेच बोलून दाखवली. आम्ही दोघी रडलो आणि मग मेथीची भाजी खाल्ली.

तिला पासपोर्ट आहे. पुढचं तू बघ. आणि माझ्या येण्याचं इतक्यात विचारू नकोस. मांडवातल्या टॉवेल-टोप्यांचं काय ठरतंय ते आधी कळू दे.

तुझी आत्या

*

अल कुसैस
१९ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न.

आई काल परत गेली. आठ दिवस इथे होती आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, "मॉल वगैरे नंतर. आधी दुकान दाखव."

झैदभाईला मी आधी सांगून ठेवलं होतं. त्याने आईला सोफ्यावर बसवलं, कडक चहा दिला आणि दुकानातला सर्वात भारी कोट स्वतः आणून तिच्या खांद्यावर ठेवला. "आंटी, आज आप मेरी वीआयपी." आईने आधी दोन्ही हात कडेला ताठ धरले, जणू हात लावला तर पैसे पडतील. मग एक बोट फिरवलं. मग पंजा. मग मी शिकवल्याप्रमाणे फुंकर मारली आणि फर उघडून परत मिटलं तेव्हा लहान मुलीसारखी हसली. आरशासमोर पुढून, मागून, बाजूने, सगळीकडून बघितलं. आत्या, माझी आई इतकी सुंदर आहे हे मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात रंजिताताईंचा व्हिडिओ कॉल आला. त्या एसीखाली, ही कोटात. "विहीणबाई, तुमचा एसी फार गार आहे हो!" "विहीणबाई, तुमचा कोट मला काय शोभतो!" एकमेकींना न दिलेल्या आहेराबद्दल दोघी इतके आभार मानत होत्या की निखिल दुकानाबाहेर जाऊन हसून आला.

शेवटी झैदभाईने विचारलं, "आंटी, पैक कर दूँ? आपके लिए स्पेशल प्राइस." आईने कोट काढला, घडी न करता नीट हँगरला लावला आणि म्हणाली, "नको रे बाबा. जड आहे. बघून झाला." बाहेर आल्यावर तिने नव्वद दिरहॅमची चप्पल घेतली, आपले दोन हजार ऐंशी, आणि ती महाग आहे म्हणून विमानतळापर्यंत कुरकुरत होती.

आता तुझ्या टॉवेल-टोप्या. दोन्ही विहिणींनी मिळून सगळं बंद केलंय. आहेर नाही, साड्या नाहीत, कुणाचे पाय धुणं नाही. पत्रिकेत छापलंय.

पण एक मान मात्र राहिला आहे आणि त्याचं मला तुला विचारायचं आहे. नवरीला मांडवात मामा घेऊन येतो. मी किसनमामाला विचारलं. तो म्हणाला, "पोरीला वाढवलं मनोरमाताईंनी, मी कुठून मध्येच हात धरायला येऊ? त्यांनीच आणावं." आत्या, तू आणशील मला? हा मान आहे, मी लपवत नाही. तुझ्या नियमात बसत नसेल तर तसं लिही.

तुझी,
संजू

*

नाशिक
२३ जानेवारी २०२५

चि. संजूस,
अनेक आशीर्वाद.

किसनला माझा नमस्कार कळव. तो इतका शहाणा आहे हे कधी बोलला नव्हता.

नियम मी केला होता, तो मी मोडते. हा मान मला हवा आहे. असं काही मला हवं असेल हे तुझं पत्र येईपर्यंत मलाच ठाऊक नव्हतं, आणि वाचल्यापासून मी घरभर फिरते आहे. कुंदा दोनदा विचारून गेली, वन्सं, काय झालं? तिला सांगितलं. ती कपाटातून स्वतःची जांभळी साडी घेऊन आली आणि म्हणाली, ही नेसा. मी नेसणार आहे.

गुरुजींना विचारलं. खोलीपासून बोहल्यापर्यंत अंतर फार नाही म्हणाले, आणि मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत नवरीला पोचवावं लागतं. तर ऐक. आपण जरा लवकर निघू. माझे गुडघे दुखतात असं मी सगळ्यांना सांगेन, म्हणजे कुणी घाई करणार नाही. तू माझा हात धर आणि सावकाश चाल. त्या वाटेने मी कधी गेलेली नाही, आणि तुझ्याबरोबर जाताना ती मला लवकर संपायला नको आहे.

तुझीच,
आत्या